चावीला ठाऊक नसलेली तार

आमच्या घरात गाड्यांच्या सीट बायका शिवत आणि पुरुष बसवत. मध्ये पडदा होता. पडद्याच्या आत अम्मी, मी, दोन पायमशिनी, चूल आणि कोंबड्या. पडद्याबाहेर अब्बा, त्यांची हातोडी, चिखलीचा बसस्टँडकडे जाणारा रस्ता आणि उरलेलं सगळं जग. गिऱ्हाइकाला वाटे, सीट अब्बा करतात. अब्बांनाही पुष्कळदा तसंच वाटे. बाहेरून आलेलं जुनं फाटकं कव्हर मापासाठी पडद्याखालून आत ओढायचं आणि नवं शिवलेलं कव्हर तिथूनच बाहेर सरकवायचं, एवढाच आमचा आणि दुकानाचा संबंध. अर्धा तालुका आमच्या शिलाईवर बसून फिरत होता, आणि मी माझ्या हातची सीट गाडीवर चढलेली कधी जवळून पाहिली नव्हती. हे लिहिताना आजही मला राग येतो, आणि तो आवरायचा माझा विचार नाही.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून ते उंद्रीच्या बाजूची खेडी फिरायचे, लोकांच्या ओट्यावर बसून कापूस पिंजायचे आणि गाद्या, रजया भरून द्यायचे. दुकानात तयार गाद्या आल्या तशी दादांना बोलावणारी घरं कमी झाली. अब्बांनी काळ ओळखून फोम आणि रेक्झिन धरलं, चिखलीत रस्त्यालगत खोली घेतली आणि ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली यांच्या सीट करायला लागले. अम्मीचा हात मात्र रजईचाच राहिला. दादांनी तिला नवी नवरी असताना रजईची कड शिकवली होती, दुहेरी मुडपायची आणि आत सुतळीचा गोट घालायचा. रेक्झिनलाही ती तसाच गोट घाली. "एकेरी कडेचं काम माह्या हातून होत नाही," म्हणायची. अब्बांनाही ते पसंत होतं, कारण आमच्या कव्हरची कड कधी फाटत नसे आणि गिऱ्हाईक त्यांचं नाव घेई.

सकाळ मशिनीच्या आवाजानं सुरू व्हायची. अम्मीची मशीन जुनी, तिचा आवाज जड. माझ्या मशीनचा हलका आणि घाईचा, माझ्यासारखाच. बाहेर अब्बांची हातोडी, एसटीचे हॉर्न, जीपवाल्यांची 'उंद्री, उंद्री, अमडापूर' अशी हाकाटी. फोम चिकटवायच्या सुलोशनचा वास घरभर असे. भाकरीला, ठेच्याला, अंबाडीच्या भाजीला, अगदी ईदच्या शीरखुर्म्यालाही तो लागायचा. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला परक्याच्या घरचं जेवण अळणी वाटायचं. जुम्म्याला मटणाचा रस्सा व्हायचा आणि त्या दिवशी तेवढा सुलोशनवर मसाला मात करायचा. घरात आम्ही अर्धं वऱ्हाडी, अर्धं उर्दू बोलायचो आणि भांडताना दोन्हीतलं जे जास्त लागेल ते निवडायचो.

मी बारावी पास झाले होते आणि पुढचं कॉलेज बुलढाण्याला, म्हणजे बसचा प्रवास, म्हणजे बंद. तेव्हापासून मी मशीनवर होते. सगळं ऐकू यायचं, दिसायचं काही नाही, म्हणून मी एकदा कात्रीनं पडद्याला डोळ्याच्या उंचीवर भोक पाडलं. अम्मीनं ते रफू केलं. मी पुन्हा पाडलं, तिनं पुन्हा रफू केलं. तिसऱ्यांदाही मी पाडलं. दुपारी पाहते तर त्या भोकाला तिनं सदऱ्याच्या बटणाला करतात तसं सुबक काज केलं होतं, सूत निघू नये म्हणून. अम्मी कोणाच्या बाजूची आहे हे मला त्या दिवशी कळलं. अब्बांना ते भोक कधी दिसलं नाही, किंवा दिसलं असलं तरी त्यांनी तसं म्हटलं नाही.

त्या काजातून मी पहिल्यांदा भास्करतात्यांची गाडी पाहिली. तात्या उंद्रीचे मोठे शेतकरी, साठीला टेकलेले, पांढऱ्या मिशांना तेल लावणारे. दोन्ही मुलांच्या हाती शेती सोपवून त्यांनी नाशिकहून कोणाची तरी वापरलेली टूरिंगची मोटारसायकल आणली होती. समोर वारा अडवायला छातीएवढी काच, मागे दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या, आणि बसायची जागा अशी लांब-रुंद की आमच्या अंगणातल्या बाजेची आठवण यावी. त्यांना तिच्यावरून कन्याकुमारीला जायचं होतं, एकट्यानं. मुलं म्हणत, ह्या वयात? तात्या साऱ्या गावाला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचे, "मंग कोन्त्या वयात? मेल्यावर?"

"मेस्तरी," ते अब्बांना म्हणाले, "गाडी झकास हाये, पन सीट म्हंजे निस्ता पाटा. मेहकरले जाऊन आलो त पाठ बोलून राह्यली. मले गादी करून दे. कन्याकुमारीले पोचलो पाह्यजे, दवाखान्यात नाही."

"करून देतो ना तात्या," अब्बा म्हणाले. "असी करतो, का तुमी घरचा पलंग इसरता."

जुनं कव्हर पडद्याखालून आत आलं. अब्बांनी फोमचा जाड थर सांगितला. अम्मीनं विचार केला की माणूस लांब चाललाय, म्हणून तिनं गोट रोजच्यापेक्षा जाड घेतला आणि मागच्या कडेला तर दोनदा मुडपला. इतर मोटारसायकलींच्या सीट आम्ही केल्या होत्या त्या नट-बोल्टनं आवळायच्या असत, तिथं जाड कड चालून जायची. ही सीट वेगळी होती. पुढून खोबणीत सरकवायची आणि मागून दाबली की खाली एक खटका तिला पकडून ठेवी. चावी फिरवली की एक तार तो खटका ओढे आणि सीट सुटे. खटका नेमका मागच्या कडेखाली. पण आत आलं होतं ते नुसतं कव्हर, आणि कव्हरवर खटक्याची खूण नसते. अम्मीला खटका माहीत नव्हता, अब्बांना गोट किती जाड झालाय ते माहीत नव्हतं. पडदा आपलं काम चोख करत होता.

बसवताना सीट खाली जाईना. अब्बांनी गुडघा टेकून सगळं वजन टाकलं, खट् असा आवाज झाला आणि सीट बसली. तात्या वर बसून दोनदा हलले आणि म्हणाले, "वा! जावायाले बी देत नाही असी गादी." मी आत मशीनवर बसून हसले. आमचंच काम होतं ते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती गाडी टेम्पोत आडवी बांधून परत आली. मागे तात्या आणि त्यांचा थोरला मुलगा गजानन. झालं होतं असं: निघायच्या आधी एक फेरी म्हणून तात्या बाहेर पडले, वाटेत गाडी बंद पडली. फ्यूज उडाला होता, एवढंच. पण फ्यूज, बॅटरी, पाने सगळं त्या सीटखाली. तात्यांनी चावी फिरवली, सीट हलेना. जोर लावला तशी आत कुठंतरी तार तुटली आणि चावी नुसती गोल गोल फिरायला लागली. गाडीला किक नव्हती, बटणावरच चालू व्हायची. म्हणजे सीट उघडत नाही तोवर कन्याकुमारी तर राहिलीच, गाडी उंद्रीलाही जाणार नव्हती.

"म्या सांगतलं होतं बाबाले," गजानन मोठ्यानं म्हणत होता. बाजाराची माणसं जमलीच होती, त्यांना ऐकवायला. "आता काय, ग्राइंडरनं कापा सीट अन् खटका, दोनी. गाडीले गिऱ्हाईक हाये चिखलीतच, आजच देऊन टाकू."

तात्यांसारख्या बोलक्या माणसाला असं गप्प उभं राहिलेलं मला बघवेना. एक हात त्यांनी गाडीच्या काचेवर ठेवला होता.

अब्बांनी आणि समोरच्या वेल्डरनं सीटच्या कडेखाली पहारीसारखे दोन लोखंडी पट्टे घातले आणि वर रेटायला लागले. रेक्झिन करकरलं. मी काजाला डोळा लावून उभी होते, आणि मला दिसलं की ते जितकं वर ओढतायत तितका खटका जास्त घट्ट धरतोय. आमच्याकडे अंथरुणाची मोठी लोखंडी पेटी होती. थंडी सरली की तिच्यात रजया कोंबून भरायच्या, आणि उघडायची वेळ आली की कडी निघायची नाही, कारण आतल्या रजया झाकण वर ढकलत असायच्या. मग अम्मी झाकणावर चढून बसायची आणि मी खालून कडी काढायची. घरातल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. अब्बांनी ती पेटी जन्मात उघडली नव्हती.

"अम्मी," मी म्हटलं, "आपला गोट अडकून राह्यला. मागचा."

अम्मीचा मशीनवरचा पाय थांबला. तिला एका क्षणात सगळं समजलं, आणि तिचा चेहरा उतरला.

मी आतून ओरडले, "अब्बा, वर नका ओढू! खाली दाबा!"

गिऱ्हाईक समोर असताना आतून आवाज जायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. अब्बा नुसते खोकले. त्या खोकल्याचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता. वेल्डर म्हणाला, "ग्राइंडरच आनतो." आणि तो रस्ता ओलांडून निघाला.

मी ओढणी डोक्यावरून घेऊन मागे घट्ट बांधली आणि पडदा बाजूला करून बाहेर गेले. लोक मला आजही विचारतात, तेव्हा भीती वाटली नाही का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला होता. काम आमचं, खोट आमच्या कामात, ती कुठे आहे ते मला दिसतंय, आणि मी आत बसून ग्राइंडरचा आवाज ऐकायचा? ते मला जमण्यासारखं नव्हतं.

"शमीम, आत," अब्बा हळूच म्हणाले.

"जाते," मी म्हटलं. "हे झालं का जाते." आणि तात्यांकडे वळले. "तात्या, सीटवर बसा. मागं सरकून, पुरं वजन टाका."

"पोरी, उघडाची हाये का बसाची?"

"बसल्याबिगर उघडत नाही."

तात्यांनी एकदा अब्बांकडे पाहिलं, एकदा गजाननकडे, आणि टांग टाकून सीटवर बसले. मी पोतं अंथरलं आणि भर बाजारात, रस्त्याच्या कडेला, गाडीच्या मागच्या चाकापाशी उताणी झोपले. मडगार्ड आणि चेसीच्या मध्ये एक फट होती. अब्बांचा पंजा तिच्यात गेला नसता. माझा मनगटापर्यंत गेला. शेजारच्या सायकल दुकानातून एक आरा मागून, त्याचं टोक वाकवून मी आकडा केला होता, तो घेऊन चाचपडायला लागले. तेल, माती, एका जागी गांधीलमाशीचं जुनं घर. वर जमलेल्यांचे पाय दिसत होते, आणि एकानं दुसऱ्याला विचारलेलं ऐकू आलं, "मेस्तरीची पोरगी हाये का बे?" मग खटक्याचा दांडा आकड्याला लागला. "अजून मागं सरका तात्या!" तात्या सरकले, सीट बोटभर दबली, मी ओढलं. खट्. तात्या खाली उतरले आणि एका हातानं सीट उचलली तर ती पेटीच्या झाकणासारखी वर आली.

फ्यूज बदलला, बटण दाबलं, गाडी बोलायला लागली. ग्राइंडर घेऊन आलेला वेल्डर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

त्याच वेळी मी आत गेले असते तर सगळं निभावलं असतं, असं पुढं आमचे बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, पुष्कळदा म्हणाले. गेले नाही. कपडे झटकून मी म्हटलं, "तात्या, चावीले एकच तार हाये. ती तुटली का तुमी रस्त्यावर. नवी तार टाकतेच, पन संग अजून एक टाकते. चावीले ठाऊक नाही असी."

"म्हंजे कशी बा?"

"बाहेरून वढाची. कुठं हाये ते तुमाले ठाऊक अन् मले. चोराले नाही."

गजानन काहीतरी म्हणायला लागला, तात्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. "लाव," ते म्हणाले.

त्याच सायकल दुकानातून ब्रेकच्या दोन तारा आणि त्यांचं काळं आवरण आणलं. एक तार चावीच्या तुटलेल्या तारेच्या जागी टाकली. खटक्याच्या दांड्याला भोक होतंच, त्यात दुसरी तार ओवून मी टोकाला स्क्रूची गुंडी आवळली. आवरणातून तार चेसीच्या आतल्या अंगानं नेली, जिथं चाकाचा चिखल उडणार नाही, आणि नंबर प्लेटच्या मागे वर दडवून सोडली. नुसती तार बोटाला कापली असती आणि गाडी चालताना खडखडली असती. म्हणून रेक्झिनची पट्टी दुमडून तिचा बोट जाईल एवढा फासा शिवला आणि तारेच्या टोकाला पक्का केला. तोवर बाजार करायला आलेल्या बायकाही पिशव्या खाली ठेवून उभ्या राहिल्या होत्या.

पहिल्यांदा फसलं, तेही सांगते. तार मी चांगली ताणून बांधली होती, मजबूत म्हणून. शेवटी अम्मीचीच लेक. तात्या कोर्टाकडच्या गतिरोधकापर्यंत जाऊन आले आणि येताना सीटचा मागचा भाग त्यांच्याखाली उघडा, डुगडुगत. गाडी उडाली तशी तार आपोआप ओढली गेली होती. लोक खदखदून हसले. गजानन सगळ्यात मोठ्यानं. कान तापले माझे. पण मी पुन्हा पोत्यावर आडवी झाले, गुंडी सैल केली आणि तारेला दोन बोटं झोल ठेवला. आपण मुद्दाम ओढली तरच कामाला यायची तार, एरवी तिनं निवांत पडून राहायचं. या वेळी तात्या गतिरोधकावरून जाऊन, वळून, परत त्याच गतिरोधकावरून आले. सीट हलली नाही. मग त्यांनी चावी अब्बांच्या हातात दिली, नंबर प्लेटमागे हात घातला, वाकून सीटवर कोपरानं भार दिला आणि फासा ओढला. उघडली. कोणी हसलं नाही.

राहिला होता गोट. मूळ दुखणं तेच. मी कात्री घेऊन खटक्यावर येणारी तेवढी दुहेरी कड कापायला बसले, आणि पडद्याआडून आवाज आला, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा.

"नीट काप, शम्मो! टाका उसवंल!"

अम्मी. वीस वर्षं त्या पडद्यामागे काम करून तिनं बाहेर काढलेला तो पहिला आवाज. अब्बांनी चमकून पडद्याकडे पाहिलं. मी टाका न उसवता कड कापली आणि हातानं बारीक टीप घालून बंद केली.

तात्या दुसऱ्याच दिवशी कन्याकुमारीला निघाले. आमच्याकडे मात्र बाजाराच्याच संध्याकाळी बडे अब्बा आले. चहा समोर ठेवला तर त्यांनी कपाला हात लावला नाही. मेहकरचं एक स्थळ माझ्यासाठी बघितलेलं होतं, बोलणी बरीच पुढे गेली होती, आणि त्या लोकांचा कोणीतरी नातलग नेमका बाजारात होता.

"आज साऱ्या चिखलीनं आपली पोरगी जमिनीवर लोळतानी पाह्यली," बडे अब्बा म्हणाले.

"सीट उघडली ते बी पाह्यलं ना?" मी म्हटलं.

"शमीम!" अब्बा.

"मले एक सांगा. सीट काऊन अडकली? आमी खटका पाह्यला नाही, तुमी गोट पाह्यला नाही. हा पडदा असाच राह्यला त उद्या अजून एक सीट अडकन. जे शिवते त्यानंच बसवाव. मी शिवन अन् बसवन बी मीच. नाही त शिवत बी नाही."

"मंग नको शिवू," बडे अब्बा म्हणाले. "तुही माय हाये शिवाले."

मी उठले, माझ्या मशीनची बॉबिन केस काढली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली. बॉबिन केस म्हणजे खालच्या दोऱ्याची ती एवढीशी डबी. तिच्याविना मशीन म्हणजे नुसतं पायाचं खेळणं. अब्बा म्हणाले, अम्मीच्या मशीनवर काम होईल. अम्मी चुलीपाशी होती. तिनं भाकर तव्यावरून उतरवली, पदराला हात पुसले, आपल्या मशीनपाशी गेली, बॉबिन केस काढून कनवटीला खोचली आणि परत येऊन पुढची भाकर थापायला लागली. बडे अब्बा निघून गेले. त्यांचा चहा मी प्यायले.

पुढचे काही दिवस आमचं घर इतकं शांत होतं की कोंबड्यासुद्धा बावचळल्या. मशिनी बंद. ट्रॅक्टरच्या सीटचं काम येऊन पडलं होतं. अब्बांनी एक कव्हर बाहेरच्या शिंप्याकडून शिवून आणलं, ते बसवताना कडेलाच फाटलं. आम्हाला ते फाटल्याचा आवाज आत ऐकू आला. अम्मीनं माझ्याकडे पाहिलंही नाही, पण बेसनात त्या दिवशी तेल जास्त पडलं. अब्बा जेवायला बसत, वाढलेलं खात, उठून जात. त्यांना राग होता की लाज की आणखी काही, मला कळत नव्हतं. मी त्यांच्यावर प्रेम करत होते आणि त्यांच्यासमोर हटणार नव्हते, दोन्ही एकाच वेळी. मेहकरचं स्थळ मोडल्याचा निरोप आला. बडे अब्बांनी तो मोठ्या दुःखानं सांगितला. अम्मीनं त्या दिवशी शेवयांची खीर केली, आणि कशाबद्दल म्हणून कोणी विचारलं नाही.

माझं लग्न पुढे झालं, आणि चांगलं झालं. ज्याच्याशी झालं त्यानं मला आधी आऱ्याचा आकडा हातात धरलेलं पाहिलं होतं, त्यामुळे फसवणूक कोणाचीच झाली नाही. तात्या कन्याकुमारीला पोचले. परतीच्या वाटेवर त्यांनी चावी कुठल्याशा धर्मशाळेत हरवली. दुसरी चावी जपून ठेवली होती ती सीटखाली. नंबर प्लेटमागे हात घालून ती तार त्यांनी ओढली आणि उंद्रीला येऊन ही गोष्ट ते इतक्यांदा सांगत राहिले की गजाननलाही पाठ झाली. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा फक्त बंद पडलेल्या दोन मशिनी होत्या आणि अब्बांची पाठ.

एका सकाळी नमाजनंतर मी ओढणीची गाठ सोडली. बॉबिन केस बसवली आणि एका ट्रॅक्टरचं कव्हर शिवून काढलं. अब्बांना वाटलं असेल, पोरीनं हार मानली. ते पडद्यापाशी येऊन कव्हर सरकवायची वाट बघत उभे राहिले. मी कव्हर खांद्यावर टाकलं, घरातली दुसरी हातोडी घेतली, पडदा बाजूला केला आणि त्यांच्या शेजारून बाहेर जाऊन फिटिंगच्या टेबलापाशी बसले. कोणाला विचारलं नाही. विचारलं की नाही म्हणायची सोय होते. सीटची प्लेट उलटी केली, खालून नीट बघून घेतली, फोम लावला, कव्हर ओढलं आणि ठोकायला सुरुवात केली. अब्बा बराच वेळ उभे होते. मग ते माझ्यासमोर बसले आणि आपलं काम घेतलं. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो. दोन हातोड्या वाजत होत्या.

उन्हं रस्त्यावर आली तसा एक अनोळखी शेतकरी मोटारसायकल लावून आत डोकावला. त्यानं अब्बांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अब्बांकडे पाहिलं.

"मेस्तरी, सीट बसवाची होती. कोन बसवते इथं?"

काम करताना अब्बा खिळे ओठांत धरायचे, एकेक काढून ठोकायचे. त्या वेळी त्यांचं तोंड खिळ्यांनी भरलेलं होतं. त्यांनी हात थांबवला. मी खाली बघून ठोकत राहिले, पण माझा एकही घाव खिळ्यावर पडत नव्हता. मग अब्बांनी हातोडी उचलली आणि तिच्या टोकानं माझ्याकडे दाखवलं.

तोंडातले खिळे काढून 'मी' म्हणायला त्यांना पुष्कळ वेळ होता. त्यांनी ते काढले नाहीत.